जुनी शेवरोले सी-१० पिकअप घ्यायची आहे: कोणती, कुठून आणि काय बघून?

प्रश्न असा आहे: ओहायोत कोलंबसजवळ राहतो. रविवारी चालवायला, अधूनमधून हार्डवेअरच्या दुकानातून लाकूड, माती, सिमेंट आणायला जुनी अमेरिकन पिकअप हवी आहे. दोन मुले आहेत, तीही बसतील. बजेट सगळे धरून १५ हजार डॉलर. पाने चालवता येतात, वेल्डिंग येत नाही.

यातले सगळ्यात महत्त्वाचे वाक्य शेवटचे. या काळातल्या पिकअपचे इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, वायरिंग घरच्या गॅरेजमध्ये साध्या पान्यांनी उघडते आणि सुटे भाग आजही नवे मिळतात. केबिनचा सडलेला पत्रा मात्र कापून, नवा जोडून, घासून, रंगवूनच नीट होतो. ते काम बाहेर दिले तर गाडीच्या किमतीएवढे बिल सहज होते. म्हणजे इंजिन बंद पडलेली पण पत्रा धड असलेली गाडी तुम्हाला परवडेल. छान चालणारी पण खालून सडलेली परवडणार नाही. खरेदीचा सगळा हिशोब यावरूनच मांडा.

माझी शिफारस १९६७ ते १९७२ या मॉडेल-वर्षांतली शेवरोले सी-१०, किंवा तिचीच जुळी जीएमसी १५००. त्याआधीच्या गाड्या दिसायला देखण्या आहेत. १९४७ ते ५५ च्या गोल नाकाच्या ३१०० वर तर कोणाचाही जीव जडेल. पण त्यांत ६ व्होल्टची वीज, बंद नळीतला प्रॉपेलर शाफ्ट, ब्रेकला एकच सर्किट, आणि १९५३ पर्यंतच्या बहुतेकांत २१६ घन इंचांचे इंजिन. त्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना पूर्ण दाबाने तेल मिळत नाही, त्यामुळे ताशी ६५ मैलांच्या रस्त्यावर ते तासन्‌तास पळवणे म्हणजे त्याचे आयुष्य जाळणे. १९६७ च्या सी-१० मध्ये १२ व्होल्ट, अल्टरनेटर, पुढे स्वतंत्र कॉइल सस्पेन्शन आणि दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आहे. एक ब्रेक लाइन फुटली तरी दुसऱ्या सर्किटवर गाडी थांबते. मुले बसणार असतील तर हा मुद्दा मी कशावरही सोडणार नाही. त्याच काळातली फोर्ड एफ-१०० ही मजबूत गाडी आहे. चांगल्या पत्र्याची समोर आली तर जरूर घ्या. पण नव्याने बनवलेल्या पत्र्यांची निवड शेवरोलेला अधिक आहे.

या सहा वर्षांत बाहेरून फरक थोडे आहेत, पण त्यांचा उपयोग होतो. १९६७ ला बाजूचे छोटे मार्कर दिवे नाहीत, ते १९६८ पासून आले. १९६९ ला पुढची जाळी आणि बॉनेटचा आकार बदलला, १९७१ ला जाळी चौकटी-चौकटींची झाली. खरा फरक १९७१ चा: पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक कारखान्यातूनच येऊ लागले आणि सी-१० च्या चाकाचे नट सहावरून पाच झाले. म्हणून १९७१-७२ ची मिळाली तर उत्तम. आधीची मिळाली तरी अडत नाही. डिस्कचे तयार संच मिळतात आणि बसवायला वेल्डिंग लागत नाही.

आता हौद्याचे. आखूड हौदा साडेसहा फुटांचा, त्याचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर) ११५ इंच. लांब हौदा आठ फुटांचा, व्हीलबेस १२७ इंच. बाजारात सगळे आखूड हौद्याच्या मागे लागतात, त्यामुळे तिची किंमत तशाच स्थितीतल्या लांब गाडीपेक्षा खूप वर जाते. तुम्हाला तर लाकूड आणायचे आहे. चार बाय आठची प्लायवूडची शीट आठ फुटी हौद्यात आडवी बसते आणि मागचा फळका बंद होतो. लांब हौद्याची, सरळ बाजूंची फ्लीटसाइड, २५० घन इंचांच्या सहा सिलिंडरची किंवा ३०७ व्ही-८ ची, असा शोध घ्या. १५ हजारांत सर्वांत चांगला पत्रा याच वर्णनाच्या गाडीत मिळेल.

कुठून

ओहायोत राहिलेली गाडी शक्यतो टाळा. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ पन्नास वर्षे केबिनच्या पोकळ्यांत साठत आले आहे. ॲरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्ससचा पश्चिम भाग, कोलोरॅडोचा पूर्व भाग, वॉशिंग्टन आणि आयडाहोचा डोंगरापलीकडचा कोरडा पट्टा, कॅलिफोर्नियाचा आतला भाग इथली बघा. तिथल्या उन्हाने डॅशबोर्ड तडकलेला असतो, दारांची रबरे कडक झालेली असतात, सीट फाटलेली असते, रंग उडालेला असतो. यांतली प्रत्येक गोष्ट नवी मिळते आणि हाताने बदलता येते. रंग उडून नुसती तपकिरी झाक आलेला पत्रा बघून घाबरू नका. कोरड्या हवेतला तो वरवरचा गंज असतो, नखाने खरवडला तर खाली अखंड लोखंड लागते. ताजा, चकचकीत रंग दिसला की मात्र सावध व्हा, कारण विक्रीच्या तोंडावर दिलेला रंग बहुधा काहीतरी झाकायलाच दिलेला असतो.

खर्चाची वाटणी साधारण अशी ठेवा: गाडीला १० ते साडेदहा हजार, वाहतुकीला दीड हजारापर्यंत, आणि उरलेले तीन हजार पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला. त्या तीन हजारांना गाडी घेताना हात लावायचा नाही. दूरची गाडी स्वतः जाऊन बघणे जमत नसेल तर तिथल्या स्वतंत्र तपासनिसाला पैसे देऊन पाठवा. खाली दिलेल्या जागांचे, गाडी जॅकवर घेऊन, खालून काढलेले फोटो त्याच्याकडून मागा. विक्रेत्याने उन्हात, अंगणात, तिरक्या कोनातून काढलेल्या फोटोंवरून यातले काहीही कळत नाही.

आधी कागद

या गाड्यांचा व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक, १७ अंकी नसतो. १७ अंकांची पद्धत १९८१ पासूनची. सी-१० चा क्रमांक १९७१ पर्यंत १२ अक्षरांचा आहे (१९७२ ला सुरुवातीला शेवरोलेचा आणखी एक सी येऊन १३) आणि तो वाचता येतो. समजा सुरुवात सीई१४१जे अशी आहे. सी म्हणजे मागच्या दोन चाकांवर चालणारी. चारही चाकांवरची असेल तर तिथे के येते. ई म्हणजे व्ही-८, एस म्हणजे सहा सिलिंडर. पहिला १ म्हणजे अर्ध्या टनाची, ४ म्हणजे पिकअप, नंतरचा १ म्हणजे १९७१. पुढचे अक्षर कारखान्याचे: जे जेन्सव्हिल, झेड फ्रेमाँट, एफ फ्लिंट, एस सेंट लुइस, ए अटलांटा, बी बॉल्टिमोर. त्यानंतर सहा आकडे. क्रमांकात एस आहे आणि बॉनेटखाली व्ही-८ आहे, म्हणजे इंजिन बदललेले. ते वाईट नाही, पण किंमत ‘मूळ व्ही-८’ ची मागितली जात असेल तर बोलायला जागा आहे.

हा क्रमांक ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो आणि फ्रेमवरही ठोकलेला असतो. पट्टी केबिनवर असल्याने सडलेल्या केबिनच्या जागी दुसऱ्या गाडीची केबिन बसवली की दोन क्रमांक दोन गाड्यांचे होतात. कागदावरचा, खांबावरचा आणि फ्रेमवरचा असे तीनही जुळलेच पाहिजेत. तारेच्या ब्रशने फ्रेम घासून, खडू फिरवून वाचा. पट्टीचे रिव्हेट नवे, वेगळ्या डोक्याचे किंवा स्क्रू असतील तर ती गाडी सोडून द्या.

ग्लव्हबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कारखान्याचा कागद चिकटवलेला असतो. तो वाचता येत असेल तर मोठा ऐवज आहे. त्यावर क्रमांक, व्हीलबेस आणि कारखान्यातून लावलेल्या सोयी छापलेल्या असतात. आखूड फ्लीटसाइडचा मॉडेल क्रमांक सी१०७३४, लांब फ्लीटसाइडचा सी१०९३४. कागदावर १२७ आणि अंगणात आखूड गाडी उभी, म्हणजे लांब फ्रेम कापून आखूड केलेली. अशा गाड्या भरपूर आहेत. काम चांगले असेलही, पण फ्रेमवरचे वेल्ड तपासायचे कौशल्य नसेल तर त्यात पडू नका.

टायटल, म्हणजे मालकीचा कागद, विक्रेत्याच्याच नावावर हवे. तिसऱ्याच माणसाची सही असलेले आणि मधल्याने नाव न लावलेले टायटल घेतले तर ओहायोत अडकाल. न्यूयॉर्कसारख्या राज्यात १९७२ आणि त्याआधीच्या गाड्यांना टायटल नसतेच, हस्तांतर करता येणारे रजिस्ट्रेशन असते. अशा राज्यातून घेत असाल तर पैसे देण्याआधी तुमच्या काउंटीच्या टायटल कार्यालयात काय लागेल ते विचारून ठेवा. बाहेरच्या राज्यातली गाडी ओहायोत नावावर करण्याआधी तिच्या व्हीआयएनची तपासणी करून घ्यावी लागते. आणि ऐतिहासिक वाहनाची पाटी स्वस्त म्हणून घेऊ नका. ती प्रदर्शन, मिरवणूक, क्लबची फेरी आणि दुरुस्तीला नेणे-आणणे एवढ्यासाठी आहे. हार्डवेअरच्या दुकानात जायचे तर साधी पाटी हवी.

मग पत्रा

सोबत न्या: मऊ कापडात गुंडाळलेला लोहचुंबक, बोथट स्क्रू ड्रायव्हर, प्रखर टॉर्च, छोटा आरसा, अंगाखाली घालायला पुठ्ठा. लोहचुंबक जिथे ढिला धरतो किंवा धरतच नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे.

सुरुवातीलाच मनाशी दोन खाती करा. बोल्टने सुटते ते एक, केबिनला वेल्ड केलेले ते दुसरे. पुढचे मडगार्ड, त्यांच्या आतले पत्रे, बॉनेट, दारे, रेडिएटरची चौकट, अख्खा हौदा हे सगळे बोल्टने सुटते आणि नवे किंवा जुने मिळते. तिथे भोके दिसली तर किंमत कमी करून मागा, पण गाडी नाकारू नका. केबिनचा मजला, दाराखालचा रॉकर, मागचे खालचे कोपरे, खालचे आधार, काचेची चौकट आणि छताची पन्हळ हे दुसऱ्या खात्यात येते. सगळा वेळ तिथे घालवा.

गंज कुठून सुरू होतो हे कळले की शोधायला सोपे जाते. वायपरच्या खाली हवा आत घेणारी जाळी आहे. तिच्यातून पाने, माती आत पडते आणि खालच्या पेटीत ओला चिखल साठतो. पाणी तिथून दोन्ही बाजूंना, दाराच्या बिजागऱ्यांच्या पुढच्या पोकळीत उतरते. ती पोकळी पायाशी, मजल्याच्या पुढच्या कोपऱ्यात संपते. तिथली निचऱ्याची वाट पानांनी बुजली की पत्रा आतून बाहेर सडत येतो. बाहेरून फोड दिसेपर्यंत आतले निम्मे गेलेले असते. म्हणून पायाशी, बाजूच्या उभ्या पत्र्यावर टॉर्च मारा, कार्पेट उचला, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. अखंड पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. एक बादली पाणी जाळीत ओतायची परवानगी मागा. पाणी दोन्ही मडगार्डमागून खाली पडले तर वाट मोकळी आहे. केबिनमध्ये आले तर कुठून येते ते बघा.

रॉकर म्हणजे दाराखालची लांब पोकळ पट्टी. ती आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यांची मिळून होते आणि केबिनला ताठपणा देते. सगळ्यात मोठी फसवणूक इथे होते. सडलेल्या रॉकरवरच नवा बाहेरचा पत्रा चढवून, कडा पुट्टीने बुजवून रंग मारतात. ओळखायचे असे: खाली आडवे होऊन दोन पत्रे जिथे एकत्र येतात ती खालची कड बघा. मूळ कड सरळ, पातळ आणि ठरावीक अंतरावरच्या स्पॉट वेल्डच्या गोल खुणांची असते. तिथे तिसरा थर दिसला, कड लाटेसारखी वरखाली झाली असेल किंवा काळ्या डांबरासारख्या लेपाने पूर्ण झाकली असेल, तर आत जुना गंज शिल्लक आहे असेच धरा. मग दार बंद करून मागची फट खालपासून वरपर्यंत बघा. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर दार उचलून बघा. दार वरखाली हलले तर बिजागरीच्या पिना आणि बुश झिजलेत, ते काही डॉलरचे काम. दार घट्ट असूनही फट वाकडी असेल तर केबिनच खचली आहे.

मागचे खालचे कोपरे बाहेरून चांगले दिसले तरी सीटमागून, आतूनही तपासा. केबिन फ्रेमवर ज्या आधारांवर बसते त्यांतले पुढचे दोन आधी सडतात. त्यांच्या रबराभोवती स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. छताच्या पन्हळीतले सीलर तडकलेले असेल आणि त्याच्या कडेने तपकिरी रेघ असेल तर ती गाडी मी सोडून देईन. छताची जोडणी उघडून नीट करणारा कारागीर स्वस्तात मिळत नाही.

फ्रेम जाड असते, तिला वरवर गंज असायचाच. पण स्टिअरिंगचा डबा जिथे डाव्या पट्टीला बोल्टने बसतो तिथल्या भोकांभोवती तडा जातो, विशेषतः रुंद टायर लावलेल्या गाडीत. तिथे तेलमाती पुसून, एकाला स्टिअरिंग डावी-उजवी करायला सांगून, पत्रा हलतो का ते बघा. मागे लांब दांड्यांवर आणि कॉइल स्प्रिंगवर ॲक्सल टांगलेला असतो. काही गाड्यांना, विशेषतः जीएमसीला, कॉइलऐवजी पाट्यांच्या स्प्रिंग असतात. दांड्या जिथे मधल्या आडव्या पट्टीला अडकतात तिथले बुश आणि ती पट्टी बघा.

इंजिन आणि चालवून बघणे

विक्रेत्याला आधीच सांगा की तुम्ही येण्यापूर्वी गाडी सुरू करू नका. गेल्यावर हात लावून इंजिन थंड आहे ना ते बघा. थंड असताना सुरू होतानाचा धूर खरे सांगतो. सुरुवातीला निळा भपका येऊन थांबला तर व्हॉल्व्हची सील गेली आहेत, ते काम छोटे. निळा धूर सतत असेल तर पिस्टनच्या रिंगा. काळा असेल तर कार्बोरेटर जास्त पेट्रोल देतो. इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला तर हेड गॅस्केट. कॉम्प्रेशन मोजा: सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, प्रत्येक सिलिंडरला चार-पाच फेरे. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली जाता कामा नये. आकडा नेमका किती आहे यापेक्षा सगळे एकमेकांच्या जवळ असणे महत्त्वाचे.

मूळ व्ही-८ इंजिनांत टायमिंग चेनच्या वरच्या चक्राला नायलॉनचे दात असत. वयाने ते तडकून तेलाच्या चाळणीत जातात, तेलाचा दाब पडतो, आणि लोक पंप बदलत बसतात. तपासणी सोपी आहे. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा, क्रॅंकच्या नटाला पाना लावून इंजिन एका दिशेला फिरवा, मग उलट फिरवा आणि रोटर कधी हलतो ते बघा. क्रॅंक आठ-दहा अंश फिरूनही रोटर हलत नसेल तर चेन आणि चक्रे बदलायची वेळ झाली. हे घरी होणारे काम आहे, त्यावरून गाडी नाकारू नका.

चालवताना महामार्गावरचा विचार करा. २१५/७५ आर १५ मापाचा टायर उंचीला सुमारे २८ इंच भरतो. डिफरन्शियलचे प्रमाण ३.७३ असेल तर ताशी ६५ मैलांना थेट गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे २,९०० फेरे घेते, ४.११ असेल तर ३,२००, आणि ३.०७ असेल तर २,४०० च्या आत. तुमच्या फेऱ्या गावातल्या आहेत, त्यामुळे ३.७३ चालेल. एसएम४६५ हा चार गिअरचा मॅन्युअल बॉक्स असेल तर त्याचा पहिला गिअर ६.५५ प्रमाणाचा, निव्वळ ओझे ओढायला आहे. रोज दुसऱ्यातच उचलायची. तो खडखडतो म्हणून खराब समजू नका.

मुलांना बसवण्याबद्दल

हे सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. या गाडीत एअरबॅग नाही, बहुतेकांत फक्त कमरेचे पट्टे आहेत आणि सुमारे २० गॅलनची पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे आहे. सीटमागून पेट्रोलचा वास आला तर आधी टाकीच्या तोंडाकडची रबरी नळी आणि वरच्या फ्लोटचे गॅस्केट बदला. ‘जुन्या गाडीला वास असतोच’ हे खोटे आहे.

मुलांना न्यायचे असेल तर दोन कामे आधी करून घ्या. एक, टाकी केबिनमधून काढून मागे, फ्रेमच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये बसवणे. त्याचे तयार संच मिळतात. दुसरे, खांद्यावरून येणारे तीन टोकांचे पट्टे. त्यांची वरची टोके नुसत्या पत्र्यात भोक पाडून चालत नाहीत. मागून जाड पोलादी पट्टी आणि ७/१६ इंची, ग्रेड ८ चा बोल्ट हवा, आणि हे काम माहीतगाराकडून करून घ्या. बूस्टर सीट कमरेच्या पट्ट्यावर वापरता येत नाही, तिला खांद्याचा पट्टा लागतोच. हे होईपर्यंत मुलांना अंगणात गाडीत बसू द्या, रस्त्यावर नेऊ नका.

घरी आल्यावर

पहिले काम ब्रेक, आणि ते सगळेच्या सगळे. ड्रम काढा, व्हील सिलिंडरच्या टोकाचे रबरी टोपण नखाने किंचित उचला. आतून ओघळ आला तर सिलिंडर गेला. कोरडे असले तरी चारही जागचे सिलिंडर, तिन्ही रबरी नळ्या आणि मास्टर सिलिंडर नवे घाला. रबरी नळी बाहेरून ठणठणीत दिसते, पण आतले अस्तर सुजून वाट बुजते. पेडलच्या जोराने तेल पुढे जाते, परत येत नाही. मग एक चाक धरलेलेच राहते, ड्रम तापतो, गाडी एका बाजूला ओढते, आणि लोक ॲडजस्टर ढिले करत बसतात. जुने ब्रेक तेल पूर्ण काढून डॉट ३ दर्जाचे भरा. हवा काढताना मागचे उजवे, मागचे डावे, पुढचे उजवे, पुढचे डावे हा क्रम ठेवा. डिस्क ब्रेक असलेल्या गाडीत पुढची हवा नीट निघत नसेल तर ब्रेक लाइनमधल्या मीटरिंग व्हॉल्व्हच्या टोकाची पिन धरून ठेवावी लागते.

त्याच आठवड्यात टायरचा जन्म बघा. टायरच्या बाजूवरच्या, डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही खोल असली तरी काढून टाका. शेवटी तीनच आकडे असतील तर तो २००० सालाआधीचा आहे, त्यावर घरापर्यंतही येऊ नका.

पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदला. आजच्या पेट्रोलमधले १० टक्के इथेनॉल जुने रबर मऊ करते. नळीवर ३०आर७ किंवा ३०आर९ छापलेले बघून घ्या. नळ्या जुन्याच ठेवून नुसता फिल्टर बदललात तर रबराचे काळे कण पुन्हा कार्बोरेटरमध्ये जातील. चार तोंडांचा क्वाड्राजेट कार्बोरेटर असेल आणि दोन दिवस उभी राहिल्यावर गाडी बराच वेळ स्टार्टर मारल्याशिवाय सुरू होत नसेल, तर बहुतेक वेळा बाऊलच्या तळाच्या बुचांतून पेट्रोल झिरपते. कार्बोरेटर उघडून ती बुचे इपॉक्सीने बंद करतात.

विजेच्या तक्रारींत निम्म्या अर्थिंगच्या असतात. इंजिनपासून केबिनला जाणारी विणलेली पट्टी कोणीतरी इंजिन काढताना सोडून दिलेली असते. मग दिवे मंद, काटे वेडेवाकडे, आणि स्टार्टरचा करंट मिळेल त्या केबलमधून वाट काढतो. रंग घासून, लोखंड उघडे करून नवी पट्टी लावा. हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या बटणातून जातो, तिथे दोन रिले टाकले की बटण तापत नाही आणि उजेडही वाढतो.

इग्निशन पॉइंटवर असेल तर घाबरायचे कारण नाही. ज्यांनी घरची प्रीमियर पद्मिनी सांभाळली आहे त्यांना हे हातचे काम आहे. व्ही-८ ला नव्या पॉइंटची फट ०.०१९ इंच, चाललेल्यांची ०.०१६, ड्वेल (पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन) ३० अंश, प्लगची फट ०.०३५. कॅमवर ग्रीसचा इवलासा थेंब घाला, नाहीतर पॉइंटचा फायबरचा खूर झिजून फट मिटते आणि गाडी रस्त्यात बसते. स्पार्कचा क्रम व्ही-८ ला १-८-४-३-६-५-७-२, सहा सिलिंडरला १-५-३-६-२-४. नंतर इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर बसवलात तर त्याला पूर्ण १२ व्होल्ट लागतात. मूळ तार मुद्दाम रोध असलेली आहे, तिच्यावर तो अर्धवट चालतो आणि दोष भलत्याच भागाला लागतो.

इंजिन ऑइल पाच क्वार्ट, फिल्टर धरून. कॅमशाफ्टवर घासणारे टॅपेट सपाट आहेत आणि त्यांना झिंक-फॉस्फरसचे संरक्षण लागते. नव्या गाड्यांच्या तेलात ते कमी केलेले असते, म्हणून जुन्या इंजिनांसाठी विकले जाणारे १०डब्ल्यू-३० घ्या. बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगच्या सगळ्या निपलना ग्रीस द्या. जुने काळे बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत पंप मारा. पुढच्या चाकांची बेअरिंग धुऊन, नव्या ग्रीसने भरून बसवा: चाक फिरवत नट १२ फूट-पौंडांपर्यंत आवळा, मग सोडा, मग बोटांनी आवळून पिनचे भोक जुळेल एवढाच मागे घ्या. यापेक्षा घट्ट ठेवलेले बेअरिंग निळे पडते.

विमा ठरलेल्या रकमेचा घ्या, म्हणजे नुकसान झाल्यावर घसारा वजा न होता कबूल केलेली रक्कम मिळते. असे विमे देणारे बहुधा बंद गॅरेज आणि रोजच्या वापराची दुसरी गाडी मागतात. ‘हौद्यात सामान आणणार’ हे अर्जातच लिहा. लपवलेत तर दावा अडेल.

पहिले ५०० मैल काहीही सजावट न करता चालवा. गळती, आवाज, ओढ, तापणे हे सगळे तेवढ्यात समोर येते आणि बाजूला ठेवलेले तीन हजार कुठे लावायचे ते कळते. रस्त्यावर पहिले मीठ पडले की गाडी आत, आणि वसंतातल्या दोन-तीन जोरदार पावसांनी रस्ते धुतल्यावरच बाहेर. आत ठेवण्याआधी तेल बदला, कारण वापरलेल्या तेलातली आम्ले हिवाळाभर बेअरिंगवर बसून राहतात. टाकी पूर्ण भरून त्यात स्टॅबिलायझर घाला आणि तो कार्बोरेटरपर्यंत पोचावा म्हणून दहा मिनिटे चालवा. बॅटरीला मेंटेनर लावा, सायलेन्सरच्या तोंडात स्टीलवूल कोंबा, म्हणजे उंदीर घर करणार नाहीत. ते वसंतात काढायचे आहे याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा. आणि हिवाळ्यात दर आठवड्याला पाच मिनिटे इंजिन सुरू करायची सवय लावून घेऊ नका. तेवढ्यात ते तापत नाही, तेलात आणि सायलेन्सरमध्ये फक्त पाणी जमते.